वीस तासांची चोरी

१

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता सभागृहाच्या हिशेबनिसांनी चोरी उघडकीस आणली. कुलपं शाबूत होती, खिडक्यांचे गज सरळ होते आणि तिजोरीतली रोकड पैशापैशाला जुळत होती. गेले होते ते वीस तास.

हिशेबनिसांनी गुप्तता म्हणून व्यवस्थापकांच्या खोलीचं दार आधी लावून घेतलं. मग "वीस तास चोरले हो त्या बाईनं!" हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की तळमजल्यावरच्या पहारेकऱ्यानं घाईघाईनं स्वतःची हजेरी तपासून घेतली.

प्रकरण असं होतं. सभागृहात वीस रांगा, एका रांगेत बारा खुर्च्या. प्रेक्षकांच्या तीन पिढ्यांचं वजन झेलून बैठकांचा जीव गेला होता. मागच्या वर्षी पहिल्या सहा रांगांचं काम एका जुन्या, नावाजलेल्या कारागिराला दिलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मोबदला तासांवर ठरला, कारण जुन्या खुर्चीचं कापड फाडल्याशिवाय आतून काय निघेल हे कुणालाच सांगता येत नाही. उस्तादांनी सहा रांगांचे तीस तास लावले, म्हणजे रांगेला पाच, आणि 'आता पुरे' म्हणून घरी बसले. यंदा सातव्या रांगेपासून पुढचं काम त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका बाईला मिळालं. तिला सगळे गादीवाली म्हणत. दर तोच, कापड तेच, खुर्च्याही तशाच. तिनं पाच रांगा पुऱ्या केल्या आणि बिलात तास लिहिले पंचेचाळीस. रांगेला नऊ.

"पाच पंचे पंचवीस," हिशेबनीस म्हणाले. "वरचे वीस गेले कुठे?" ते स्वतः पगारदार असल्यामुळे त्यांचे तास मोजायची पद्धत नव्हती. शुक्रवारी चार वाजता कार्यकारी समितीची सभा होती. तिच्या विषयपत्रिकेवर त्यांनी विषय तिसरा लिहूनही टाकला होता: 'तासांची चोरी. कंत्राट रद्द करणे व इतर सभागृहांना पत्र पाठवून सावध करणे.'

व्यवस्थापक मऊ स्वभावाचे गृहस्थ. कुणाचं वाईट होऊ नये म्हणून ते कुणाचं चांगलंही होऊ देत नसत. त्यांनी गादीवालीला बोलावलं. ती हातातली पक्कड घेऊनच आली.

"हे बघ," ते म्हणाले, "सात लिही. रांगेला सात. तुझंही राहील, त्यांचंही राहील. मी हिशेबनिसांना समजावतो."

"पण लागले नऊ."

"अगं, लागले असतील. लिहायला काय जातंय?"

"सात लिहिले की मी दोन तास चोरले होते, हे मीच कबूल केलं असं होईल. आणि पुढच्या रांगेला पुन्हा नऊ लागणार. तेव्हा काय लिहू?"

"उस्तादांना पाचच लागले ना पण?"

 तिनं पकडीची चोच दोनदा उघडमीट केली.

"लागले असतील," ती म्हणाली. "ते उस्ताद आहेत. मी हळू असेन. हळू आहे म्हणून कामावरून काढा, चालेल. पण चोर म्हणून नाही. तसं पत्र गेलं तर मला या गावात कुणी पाटसुद्धा दुरुस्तीला देणार नाही."

ती गेल्यावर व्यवस्थापकांनी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं. मग अडचणीत सापडलेला भाचा जे करतो तेच त्यांनी केलं. मावशीला फोन लावला.

२

मावशी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी पोकळ वजनं, आखूड गज आणि बुडाशी मेण लावलेली मापं पकडली होती. गावात त्यांना मापमावशी म्हणत. घरी भाजीवाला आला, की आपण होऊन एक कांदा जास्त टाकी.

बुधवारी सकाळी साडेनऊला त्या डबा, चष्मा आणि थांबघड्याळ घेऊन बाराव्या रांगेच्या मागे येऊन बसल्या.

"मी इथे बसणार," त्यांनी गादीवालीला सांगितलं. "तू मला खुर्चीच समज."

"खुर्ची असतात तर उलटी करून ठेवली असती," गादीवाली म्हणाली आणि कामाला लागली.

एक खुर्ची: बैठकीचे चार स्क्रू काढणं, जुनं कापड फाडणं, गंजलेले खिळे एकेक करून उपटणं, मेलेला काथ्या काढून नवा भरणं, मखमल ताणून खिळे मारणं, मग कडेनं जाड दोऱ्याची किनार हातानं शिवणं आणि बैठक परत स्क्रूनं बसवणं. मावशींनी प्रत्येक पायरीला घड्याळ दाबलं. पहिल्या खुर्चीला सेहेचाळीस मिनिटं, दुसरीला चव्वेचाळीस, तिसरीला पंचेचाळीस. बारा खुर्च्यांचे नऊ तास.

हिशेबनीस दारातून डोकावले. "तुम्ही बघताय म्हणून मुद्दाम हळू करतेय."

"उलट आहे," मावशी म्हणाल्या. "मी बघत असले की लोकांचे हात चालतात. तुम्हीच बघा ना, एरवी बारापर्यंत चष्माच पुसत बसता, आज बाराच्या आतच खुर्चीवरून उठून इथवर आलात."

हिशेबनीस गेले. मावशींनी गादीवालीचे तासांचे कागद मागितले. ते तिच्या पिशवीत पुठ्ठ्याला लावलेले होते. रोजचा एक कागद, सुरुवात, शेवट आणि मधली खिंडारं. 'अकरा दहा ते अकरा पस्तीस, वीज गेली, काम बंद.' 'दुपारी वीस मिनिटं, टाके चुकीचे पडले, उसवले. चूक माझी. धरलेली नाहीत.' अक्षर कुठे ठसठशीत, कुठे घाईचं, एका कागदावर गोंदाचा अंगठा.

"हे संध्याकाळी बसून लिहितेस?"

"संध्याकाळी लिहिलं तर मला सगळेच तास चांगले आठवतात," गादीवाली म्हणाली. "म्हणून लगेच लिहिते."

मावशींनी चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं. एकतीस वर्षांत हे वाक्य कुणी दुकानदार बोलला नव्हता.

"मला सांग, यातलं सगळ्यात वेळखाऊ काय?"

"किनार. खुर्चीमागे वीस मिनिटं. लाकडावर बसवलेल्या कापडाला मशीन चालतच नाही. हातच हवा."

मावशींनी वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. पंचेचाळीस वजा वीस. पंचवीस. पंचवीस गुणिले बारा.

पाच तास. मिनिटाला मिनिट.

"उस्ताद किनार शिवतच नव्हते की काय?" त्या पुटपुटल्या. उठून पहिल्या रांगेत गेल्या, गुडघे टेकले आणि बैठकीची कड बोटानं चाचपली.

किनार होती. एका ओळीत, एका मापाची, मुंग्या शिस्तीत चालाव्यात तशी. सहाही रांगांना. बहात्तरही खुर्च्यांना.

टाके होते. ते घालायला वेळच नव्हता.

३

"खाडाखोड!" मावशी हिशेबनिसांच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या. "उस्तादांचे तास कुणी कमी केले का, ते मला बघायचंय."

हिशेबनिसांचा चेहरा तापला. "कमी करून मला काय मिळणार?"

"शाबासकी. मागच्या वर्षीच्या अहवालात 'काटकसरीनं काम' म्हणून तुमचंच नाव छापलंय. मी वाचलाय."

"ती काटकसर उस्तादांची होती. मी फक्त... निदर्शनास आणली." त्यांनी मोठ्या दिमाखात दोन वह्या काढल्या. एक उस्तादांच्या तासांची, दुसरी पहारेकऱ्याची किल्लीची वही. सभागृहाची किल्ली कुणी कधी घेतली आणि कधी परत केली, ते तीत लिहिलेलं असे. "घ्या. पहारेकऱ्याला बेरीज येत नाही, म्हणून ही वही खरी."

वह्या जुळत होत्या. पहिल्या दिवशी किल्ली बाहेर चार तास वीस मिनिटं. मग पाच दिवस, रोज बरोबर पाच तास. सातव्या दिवशी चाळीस मिनिटं. एकूण तीस. उस्तादांनी लावले तितकेच. एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही.

"झालं समाधान?" हिशेबनीस म्हणाले. "असा हात असतो कारागिराचा. नाहीतर तुमची ती!"

 मावशींचं बोट सातव्या दिवसावर थांबलं होतं.

"सहा रांगा," त्या म्हणाल्या. "रोज एक. मग सातव्या दिवशी उस्ताद आले कशाला?"

"काहीतरी राहिलं असेल."

"चाळीस मिनिटांचं काय राहिलं? आणि पहिल्याच दिवशी नेमकी चाळीस मिनिटं कमी कशी?"

हिशेबनिसांनी वही स्वतःकडे ओढून सातव्या दिवसाची बेरीज पुन्हा केली. ती चाळीसच आली.

४

गुरुवारी सकाळी मावशी सहाव्या आणि सातव्या रांगेच्या मधल्या वाटेत पाठीवर आडव्या झोपल्या होत्या. व्यवस्थापक धावत आले.

"मावशी! पडलीस का?"

"पडले नाही, पहुडलेय. बॅटरी दे इकडे."

सहाव्या रांगेच्या बैठकांच्या पोटाशी खडूनं आकडे लिहिलेले होते. एक, दोन, तीन, बारापर्यंत. लोखंडी चौकटीवरही तेच आकडे. पहिल्या सहाही रांगांना होते. सातव्या रांगेला नव्हते, आठवीला नव्हते.

गादीवाली वरून वाकून बघत होती. मावशींनी तिथूनच विचारलं, "तू नंबर टाकत नाहीस?"

"कशाला टाकू? एक काढते, तीच लावते, मग दुसरी काढते. हरवायला ती माझ्या मांडीवरून जाणार कुठे?"

"आणि दुसऱ्या बैठकीला पहिलीची चौकट चालते?"

"छे. जुन्या खुर्च्या आहेत. प्रत्येकीची भोकं वेगळी. अदलाबदल झाली तर दिवस जाईल जुळवण्यात."

मावशी हळूहळू उठून बसल्या. भाच्यानं हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

"म्हणजे नंबर कोण टाकेल? ज्याला बाराच्या बारा बैठका एकदम काढायच्यात. काढून कुठेतरी न्यायच्यात, जिथे त्या एकमेकींत मिसळतील. आणि दुसऱ्या दिवशी आणून लावायच्यात. बैठक लावायला किती वेळ लागतो गं?"

"तीन-साडेतीन मिनिटं."

"बाराला चाळीस. पहिल्या दिवशी लावायला आदल्या दिवशीचं काही नव्हतं, म्हणून चाळीस मिनिटं कमी. सातव्या दिवशी फक्त आदल्या दिवशीच्या लावायच्या होत्या, म्हणून चाळीसच. बैठका रोज सभागृहाबाहेर जात होत्या!"

तिघंही पहारेकऱ्याकडे गेली. पहारेकऱ्यानं अजिबात नाकारलं नाही.

"न्यायचे की. रोज तीनला. हातगाडीवर बारा गाद्या, वर चादर. सकाळी परत आणायचे."

"आणि वहीत कुठेय?" व्यवस्थापक किंचाळले.

"साहेब, बाहेरचं आत आलं तर मी लिहितो. आतलं बाहेर गेलं तर ते आपलंच असतं. आपल्याच वस्तूचं काय लिहायचं?"

या नियमानं सभागृह किती वर्षं चाललं असेल, याचा व्यवस्थापक बोटांवर हिशेब करू लागले आणि बोटं पुरली नाहीत.

गादीवालीचा विचार मात्र वेगळाच होता. तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे उस्ताद घरी नेऊन शिवायचे. आणि ते तास लिहिले नाहीत," ती म्हणाली. "पण का? तासाला पैसे मिळत असताना तास कोण लपवतं?"

"एकतीस वर्षांत मी कमी माप देणारेच पकडले," मावशी म्हणाल्या. "जास्त देऊन कमी सांगणारा हा पहिलाच. चल, विचारू."

"मी नाही येणार," गादीवाली म्हणाली. "त्यांनी मला सुई धरायला शिकवलं. त्यांच्या दारात जाऊन तुम्ही खोटं लिहिलंत म्हणू? पण मावशी, मी नऊही खोडणार नाही."

५

उस्ताद दोन खोल्यांच्या घरात राहत. बाहेरच्या खोलीत फळी, फळीवर हातोड्या ओळीनं लावलेल्या, मोठ्यापासून धाकटीपर्यंत. उस्तादांनी मावशींना चांगल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मोडक्या खुर्चीत बसले. कारागिराच्या घरी मोडकी खुर्ची नेहमी त्याचीच असते. त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि ती आतल्या दाराशी उभी राहिली.

मावशींनी वाटेत ठरवलेलं सगळं सरळ सांगितलं. खडूचे आकडे, सातवा दिवस, हातगाडी.

"बरं मग?" उस्ताद म्हणाले. "नेल्या घरी. सावकाश शिवल्या. माझे तास, मी लिहीन नाहीतर सोडून देईन. सभागृहाचा फायदाच झाला ना? की फायदा झाला म्हणून पकडायला आलात?"

"किती तास सोडलेत?"

"मोजले नाहीत."

चहाला साय धरली. मावशींनी आपला कप उचलला. उस्तादांनी उचलला नाही. मावशींनी मुद्दाम फळीवरच्या हातोड्यांकडे मान वळवली आणि 'छान ठेवल्यात' म्हणाल्या. मागे बशीचा बारीक खडखडाट ऐकू आला, अगदी थोडा, आणि लगेच थांबला. त्या वळल्या तेव्हा कप जागेवर होता आणि उस्तादांच्या गुडघ्यावर चहाचा ताजा डाग.

मावशींच्या डोळ्यांपुढे ती मुंग्यांची रांग आली. एका मापाचे टाके. बहात्तर खुर्च्या.

हा हात हातोडी मारू शकत होता. पक्कड ओढू शकत होता. ते टाके या हाताचे नव्हते.

त्यांनी दाराकडे पाहिलं. उस्तादांच्या बायकोनं हात पदराखाली घेतले होते, पण उजव्या हाताच्या मधल्या बोटाची पेरं बाहेर राहून गेली होती. त्यांवर सुईच्या टोकाची काळी टिंबं, दाट, वर्षभरात न जाणारी.

"वहिनी," मावशी हलकेच म्हणाल्या, "रांगेला किती लागायचे हो तुम्हाला?"

"तिचा काही संबंध नाही!" उस्ताद उठले. "चाळीस वर्षं माझं नाव आहे. किनार बायकोनं शिवली म्हटलं की काय राहिलं माझं? मी कुणाचं काही घेतलंय का? एक पैसा जास्त घेतलाय?"

"नाही घेतला. पण तुमचं कमी माप आता त्या पोरीला लावतायत. तुमचे पाच खरे धरून तिच्या नऊला चोरी म्हणतायत. उद्या चार वाजता तिला काढतील आणि गावभर पत्र जाईल."

उस्तादांना हे ठाऊक नव्हतं. ते परत बसले, आणि या वेळी गुडघ्यावरचा हात लपवायचं विसरले.

"ती काय म्हणाली माझ्याबद्दल?"

"म्हणाली, ते उस्ताद आहेत, मीच हळू असेन."

उस्तादांनी गार झालेला कप दूर सारला. मग ते म्हणाले, "बाई, मला समितीपुढे उभं राहून हे सांगता यायचं नाही. जमणारच नाही मला." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मावशी जिना उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ पूर्ण उत्तर होतं आणि साक्षीदार एकही नव्हता.

६

शुक्रवारी चार वाजता समितीचे सात सदस्य जमले. विषय पहिला, पंखे. विषय दुसरा, पंख्यांचा आवाज. विषय तिसरा यायला साडेचार झाले. गादीवालीला चारलाच बोलावून भिंतीशी उभं केलं होतं. खुर्च्या दुरुस्त करणारीला खुर्ची द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

हिशेबनिसांनी पंचवीस आणि पंचेचाळीस हे आकडे फळ्यावर लिहिले. मग मावशी उभ्या राहिल्या. खुर्चीमागे पंचेचाळीस मिनिटं, त्यातली वीस किनारीची. किनार सोडून पाच तास, आणि उस्तादांच्या बिलात नेमके पाच. खडूचे आकडे. सातव्या दिवशीची चाळीस मिनिटं. हातगाडी. एकावर एक वजन ठेवावं तसं त्यांनी ठेवलं. "पहिल्या सहा रांगांनाही नऊच्या आसपासच तास लागलेत," त्या म्हणाल्या. "वरचे चार कुणाच्याच वहीत नाहीत. चोरी झालीच असेल तर ती मागच्या वर्षी झाली, आणि ती करणाऱ्यानं माल तुम्हालाच दिला."

"कोणी शिवलं ते सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"ते सांगायचा हक्क माझा नाही."

"मग ही नुसती गोष्ट झाली," हिशेबनीस म्हणाले. "पुरावा?"

दार उघडलं. उस्तादांची बायको आत आली. एकटी नव्हती. मागे उस्ताद होते, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात उघडे, आणि दोन्ही हलत होते. ते लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"मी शिवलं," ती म्हणाली. "यांचा हात दोन वर्षांपूर्वी गेला. खिळे मारतात, सुई धरवत नाही."

"रांगेला चार तास," उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाले. "ते मी लिहायला हवे होते. नाही लिहिले."

"साडेचार," बायको म्हणाली.

"चार गं."

"साडेचार. दोरा ओवायचा, मेण लावायचं, ते कोण धरणार? आत्तासुद्धा तास कापताय!"

समितीत कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. मावशींनी वहीत दुरुस्ती केली. त्यांचा अंदाज अर्ध्या तासानं चुकला होता आणि एवढा आनंद त्यांना चूक सापडल्यावर क्वचितच झाला होता. त्या फळ्यापाशी गेल्या, पाच आणि साडेचार लिहून खाली रेघ मारली.

"साडेनऊ," त्या म्हणाल्या. "आणि ही नऊ तासांत करते. हिशेबनीस, तुमच्या हिशेबानं ही रांगेमागे अर्धा तास वाचवतेय. काढा अहवालात काटकसर."

गादीवाली उस्तादांकडे बघत होती. उस्तादांनी प्रथमच वर पाहिलं.

"नऊत करतेस?" ते म्हणाले. "किनार धरून? एकटी?"

"एकटी."

"मग मी तुला जास्तच शिकवलं," उस्ताद म्हणाले.

हिशेबनीस मात्र वेगळ्याच काळजीत होते. "काकू, साडेचार गुणिले सहा म्हणजे सत्तावीस तास होतात. मागचं वर्ष तर बंद झालंय."

"बंद असेल तर उघडा," काकू म्हणाल्या.

"पुढच्या सभेत विचार करू," अध्यक्ष म्हणाले. या वाक्यानं त्यांनी बारा वर्षं अध्यक्षपद सांभाळलं होतं.

"चालेल. मी बसते तोवर." त्यांनी भिंतीजवळचं एक स्टूल ओढलं आणि पदर सारखा करून बसल्या. समितीनं वाट पाहिली. काकूंनीही पाहिली. शिवणकाम करणाऱ्या बाईला वाट पाहायची सवय समितीपेक्षा जास्त असते. पाचव्या मिनिटाला अध्यक्षांनी घसा साफ केला आणि सत्तावीस तास मंजूर केले, काकूंच्या नावावर, उस्तादांच्याच दरानं. हिशेबनिसांनी नोंदीसाठी वही सरकवली. काकूंनी पेन घेतलं आणि रांग एक ते सहा, एकेक ओळ स्वतः लिहिली. 'वरीलप्रमाणे' लिहा, असं हिशेबनीस सुचवत होते. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"झालं तर," व्यवस्थापक हात चोळत म्हणाले. "बारावी रांग उद्यापासून पुढे चालू कर. सगळं गोड झालं."

"अजून नाही," गादीवाली म्हणाली. "तो विषय तिसरा. त्यात चोरी लिहिलंय."

"आता त्याला काय अर्थ आहे? आपण सगळे समजलो."

"तुम्ही समजलात. कागद समजला नाही. तो फायलीत जाईल आणि पाच वर्षांनी कुणीतरी वाचेल. शब्द खोडा, बाजूला कारण लिहा, सही करा."

हिशेबनिसांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी छताकडे. मावशींनी काहीच पाहिलं नाही, फक्त चष्मा लावला. हिशेबनिसांनी शब्दावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'तुलनेसाठी घेतलेले तास अपुरे होते. चूक माझी.' सही केली. त्यांच्या नोकरीत हे शेवटचे दोन शब्द प्रथमच उमटले होते, आणि अक्षर चांगलं आलं होतं.

गादीवालीनं वाचून मान हलवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पिशवीतून पुठ्ठा काढला आणि उभ्या उभ्या लिहू लागली.

"आता काय लिहितेस?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"चार ते पाच बावीस. सभेत उभी. एक तास बावीस मिनिटं."

"अगं, ते कशाला! एवढं सगळं तुझ्या मनासारखं झालं. आजचं सोडून दे की."

तिनं उस्तादांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि टोपण लावून पेन खिशाला अडकवलं.

"बोलावलंत तुम्ही," ती म्हणाली. "बिलात येतील."